गच्चीवरून घरी

माझ्या मावशीच्या दारात एकदा एक विमा एजंट आला होता. "साहेब आहेत का?" त्याने विचारलं. मावशी ओट्यापाशी कामात होती. मान वर न करताच म्हणाली, "नाहीत. वर गेलेत."

एजंटाने बॅग छातीशी धरली. चेहरा पाडला. "अरेरे! कधी?"

"सकाळीच."

"काही दुखणंबिखणं?"

"दुखणं कसलं? रोजच जातात," मावशी म्हणाली. "संध्याकाळी या, भेटतील."

तो जो गेला तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. ही गोष्ट काका स्वतः सांगायचे आणि शेवटच्या वाक्याला पोचायच्या आधीच त्यांना हसून ठसका लागायचा.

काका म्हणजे मावशीचे यजमान. इमारतींच्या गच्च्यांवर जे एसी बसवलेले असतात, मोठाल्या पेटाऱ्यांसारखे, दिवसभर घुमत राहणारे, ते दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. लग्नाआधीपासून तेच करत होते. आमच्या गावाला समुद्र आहे, पण मावशीच्या गल्लीतून तो दिसत नाही. मधे इमारतीमागे इमारती. तिथे त्याची फक्त खबर येते, आणि ती गंजातून. खिडकीचे गज, सायकलीची चाकं, दाराची कडी, सगळं हळूहळू तांबूस होतं आणि एके दिवशी हातात येतं. घरातल्या लोखंडाची ही गत, तर उघड्या गच्चीवरच्या यंत्रांची काय असेल? खारा वारा त्यांच्या जाळ्या खाऊन टाकतो, पंख्यांची बेअरिंगं जाम होतात, नळ्यांना बारीक भोकं पडतात आणि गॅस निघून जातो. काका म्हणायचे, "बाकीच्यांना समुद्र हवा देतो, मला काम देतो."

घर तळमजल्यावर. दोन खोल्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. दुकानात काऊंटरच्या मागे मावशी बसायची. फोन घ्यायची, सुटे भाग विकायची, पंख्यांच्या जळलेल्या मोटारी उघडून तारा नव्याने गुंडाळायची, म्हणजे मोटार 'बांधायची'. मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर हातात घेतला की फुगलाय की ठीक आहे, हे तिला मीटर न लावता कळायचं. काका तिला 'कंट्रोल रूम' म्हणायचे. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. एसीच्या दुकानात एसी नव्हता. "हलवाई कधी मिठाई खातो का?" असं काका गिऱ्हाइकांना सांगायचे. डोक्यावर पंखा होता. तो गरम हवा या कोपऱ्यातून उचलून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा.

त्यांना मूलबाळ नाही. त्यामुळे माझं अर्धं लहानपण त्या दुकानात गेलं. संध्याकाळी काका यायचे ते मला अजून दिसतात. शर्ट पाठीला चिकटलेला, त्यावर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे, नाकाचा शेंडा करपलेला. पिशवी खाली टाकून ते खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "आज गच्ची नव्हती ग, तवा होता तवा." मावशी तोवर लिंबूपाणी घेऊन उभी असायची. त्यांनी पेला रिकामा करेपर्यंत ती तिथून हलायची नाही. मग रोजचं ठरलेलं बोलणं व्हायचं.

"सोडा आता हे. दुकानापुरतं काम करू. पुरे झालं."

"बघू."

"बघू बघू म्हणता म्हणता भाजून निघालात."

"अगं, चालायचंच."

मावशीला त्यांची फार दया यायची. दुपारी उकाड्यात पंख्याखाली बसली असताना ती मधेच म्हणायची, "इथे हे हाल, तर बिचाऱ्यांचं वर काय होत असेल?"

*

काका पडले ती इमारत तशी साधीच होती, ऑफिसांची. तिच्या गच्चीवर जिन्याच्या डोक्यावर आणखी एक लहान स्लॅब होता आणि यंत्रं त्या स्लॅबवर. तिथे जायला भिंतीत बसवलेली लोखंडी शिडी. कुणीतरी नुकताच तिला चकचकीत हिरवा रंग दिला होता. काका शिडी चढण्याआधी प्रत्येक पायरी पान्याने वाजवून बघायचे, त्यात कधी कसूर नाही. त्या दिवशीही वाजवली असणार. पण रंगाचे थर इतके होते की आत लोखंड उरलेलंच नाही हे कुणाला कळणार? वरच्या पायरीवर भार पडला आणि ती बिस्किटासारखी तुटली.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. डॉक्टर भले होते. त्यांनी आडवळणं घेतली नाहीत. म्हणाले, "जीव वाचला हे मोठं समजा. काठी घेऊन सपाटीवर हवं तेवढं चाला. जिने मात्र विसरायचे."

काका म्हणाले, "सगळेच?"

"सगळेच."

काकांनी मान डोलावली. मला वाटलं, त्यांनी मनावर घेतलं नाही. गडी खंबीर आहे. घरी आल्यावर दुकानातल्या खुर्चीत बसून ते गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखेच गप्पा मारू लागले. फक्त संध्याकाळ झाली की गप्प व्हायचे. दारातून आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो तेवढ्याकडे बघत राहायचे.

फोन येत राहिले. मावशी सांगायची, बरं नाही त्यांना, थोडं थांबा. जुनी गिऱ्हाइकं काही दिवस थांबली. पण उन्हाळ्यात थांबणार किती? एकेक जण दुसरीकडे वळू लागला. मग एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दवाखाना तापलाय, पेशंट खुर्चीत आ करून बसलाय आणि त्यांच्या घामाचा थेंब त्याच्या तोंडात पडायच्या बेतात आहे.

"येते," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

काकांनी वर पाहिलं. "कोण येते?"

"मी."

"वेडी आहेस का? कधी गच्चीवर पाऊल टाकलंयस?"

"मोटारी कोण बांधतं? कपॅसिटर कोण तपासतं? तुम्ही खालून फोनवर सांगा, मी वर करते."

"तुला ऊन सोसायचं नाही."

"तुम्हाला सोसलं ना इतकी वर्षं?"

"माझी गोष्ट वेगळी."

माझी आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, त्या वेळी तिथेच होती. तिनेही आपलं घोडं दामटलं. "या वयात माकडासारखी चढणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, एसी चालू झाला," मावशी म्हणाली. तिने काकांचा लांब बाह्यांचा जुना शर्ट अंगावर चढवला, बाह्या खाली ओढल्या, ओढणी डोक्याला गुंडाळली आणि पिशवी उचलली. पिशवीच्या वजनाने ती एका बाजूला कलली. काकांचा विरोध फार होता. चिडून बोलले, मग रुसले, मग भिंतीकडे तोंड करून बसले. मावशीला वाटलं, काळजीपोटी आहे.

मी तिच्या सोबत गेले होते, तेवढ्यासाठी सुट्टी काढून. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शेवटच्या मजल्यापर्यंत लिफ्ट होती. त्यापुढे अरुंद जिना आणि पत्र्याचं दार. मावशीने कडी काढून दार ढकललं, आणि आधी भट्टीसारखी झळ तोंडावर आली. डोळे आपोआप मिटले. आणि दुसऱ्याच क्षणी वारा. असा वारा मी खालच्या रस्त्यावर कधी अनुभवला नव्हता. त्याने मावशीची ओढणी उचलून मागे नेली. तिने डोळे उघडले.

समोर समुद्र होता. थोडाथोडका नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन त्याच्यावर सांडलं होतं. दूर दोन जहाजं ठेवून दिल्यासारखी उभी होती. खालच्या शहराचा आवाज कुठल्या कुठे बुडाला होता.

मावशी उभीच राहिली. हातातल्या फोनवर काका होते.

"पोचलीस?"

"हो."

"दिसला?"

"काय?"

मग काका घाईघाईने म्हणाले, "पंखा. पंखा फिरताना दिसतोय का, विचारतोय."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणावं की आणखी काही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कामाच्या वेळी काम. ती यंत्रापाशी गेली आणि फोन त्याच्याजवळ धरला. काकांनी ऐकलं. "कॉम्प्रेसर सुरू होतोय, तापतोय, बसतोय. पंखा हवा ओढत नाहीये. लाकडाची काडी जाळीतून घाल आणि पात्याला ढकल. हात नको घालूस! ढकलल्यावर फिरला तर कपॅसिटर गेला, नाही फिरला तर बेअरिंग."

ढकलल्यावर पंखा फिरला. मावशीने मेन स्विच बंद केला, कपॅसिटर बदलला, झाकण लावलं, स्विच चालू केला. यंत्र खाकरलं आणि सुरात लागलं.

"झालं ना?" काका म्हणाले. "ये आता लगेच खाली. ऊन आहे."

मावशी लगेच खाली आली नाही. कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिली.

*

घरी आल्यावर तिने पिशवी ठेवली. लिंबूपाणी कुणी केलेलं नव्हतं. काका खुर्चीत बसले होते, नजर चुकवत.

"तवा होता म्हणे तवा," मावशी म्हणाली.

"अगं, उन्हात..."

"उन्हात तापतं हे मला कळलं. भाजले मी पण. पण त्या वाऱ्याबद्दल एक अक्षर? त्या समुद्राबद्दल? इतकी वर्षं घरी येऊन नुसता तव्याचा पाढा वाचलात. मी इथे बसून तुमच्यासाठी जीव पाखडत होते!"

काका काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू या भिंतीसमोर बसलेली असायचीस. पंख्याखाली घामाने निथळत. आणि मी येऊन काय सांगू? वर छान वारा होता? आज पाणी हिरवं दिसत होतं? कुठल्या तोंडाने सांगू?"

मावशीने डोक्याची ओढणी सोडली.

"रोज जिना उतरताना वाटायचं, आज सांगू. दारात आलो की तू पेला घेऊन उभी. मग तवाच बरा वाटायचा."

"सांगायचं होतं," मावशी म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "मी आले असते. डबा घेऊन आले असते दुपारचा. दोघं बसलो असतो."

मला तिथे बसवेना. मी कप विसळायच्या निमित्ताने आत गेले.

*

त्यानंतर मावशीने काम धरलंच. सुरुवातीला गिऱ्हाइकं दार उघडून तिच्या मागे बघायची, मेकॅनिक कुठे आहे म्हणून. नंतर सवय झाली. फोन कानाशी आणि खाली काका, अशी जोडी जमली. आणि त्या फोनवर हळूहळू दुसरंच बोलणं सुरू झालं. काम संपलं की काका वर काय काय दिसतंय ते विचारायचे. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

त्यांच्या मनात गच्च्यांचं एक वेगळंच गाव वसलेलं होतं. कुठल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे पडते, कुठे घारीने जुन्या लोखंडी सांगाड्यात घरटं केलंय, कुठून बंदराची क्रेन दिसते, सगळं त्यांना तोंडपाठ. "टाकीच्या मागे बघ, एक मोडकी खुर्ची आहे. तिला चौथा पाय म्हणून मी विटा लावल्यात." मावशी बघायची, खुर्ची असायची. "तिच्यावर बस थोडी." ती बसायची.

एका छापखान्याच्या गच्चीवर तिला रंगाचा रिकामा डबा सापडला. त्यात सदाफुलीचं रोप, फुलांनी लगडलेलं. यंत्रातून ठिबकणारं पाणी एका नळीने त्या डब्यात सोडलेलं होतं.

"अहो, हे तुमचंच ना?"

"जिवंत आहे?" काकांचा आवाज चढला. "मला वाटलं, वाळलं असेल. कुणी पाणी घालतं?"

"कुणी नाही. नळी आहे की."

काका हसल्यासारखं करून म्हणाले, "म्हणजे माझ्यावाचून त्याचं काही अडलेलं नाही."

ते वाक्य मावशीने मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. त्या दिवसापासून काकांचे प्रश्न कमी झाले. मग एकदा तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, आज खूप लाटा आहेत, पांढरा फेस इथवर दिसतोय, तर ते तुटकपणे म्हणाले, "कामाचं बोल."

तिला वाटलं, आपण जखमेवर मीठ चोळतोय. ती नुसतं कामाचं बोलू लागली. पंधरवडाही गेला नसेल, काका एके दिवशी जेवताना म्हणाले, "आता काही सांगतसुद्धा नाहीस."

"तुम्हीच म्हणालात!"

"म्हणालो. म्हणून काय झालं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची अवस्था झाली. इकडे काका खुर्चीतून उठेनासे झाले. दाढी वाढली. मोटारी बांधायचं कामही पडून राहू लागलं. फोनवर आवाज ऐकून आजार सांगायचे, तेवढंच. बाकी वेळ दारातल्या त्या आकाशाच्या तुकड्याकडे टक लावून बसायचे. मावशी मला म्हणाली, "माणूस माझ्यासमोर बसलाय आणि मला त्याची आठवण येते. असं कधी झालंय का कुणाला?"

*

मग तिने ठरवलं, काकांना वर न्यायचं. एकदा तरी.

बोलायला सोपं. पण लिफ्ट कुठेही गच्चीपर्यंत जात नाही. ती शेवटच्या मजल्यावर थांबते आणि पुढे एक जिना उरतोच. मावशीने सगळी गिऱ्हाइकं पालथी घातली. कुणी म्हणालं, चौघं मिळून खुर्चीवर उचलून नेऊ. काकांना ते चाललं नसतं. उचलून नेतात ते एकदाच, असं ते म्हणाले असते. शेवटी कापडाच्या एका मोठ्या दुकानाचा पत्ता लागला. त्या इमारतीच्या गच्चीवर गाड्या लावायची सोय होती आणि खालपासून वरपर्यंत वळणावळणाचा उतार होता. गाडी जाते, म्हणजे रिक्षाही जाईल. तिथली यंत्रंही गच्चीवरच होती. मावशी एका संध्याकाळी जाऊन उतार पाहून आली, तिथल्या वॉचमनला पटवून आली.

रिक्षा गल्लीतल्याच एकाची. त्याला सगळे 'भोंगा' म्हणतात, कारण रस्ता रिकामा असला तरी तो हॉर्न वाजवतो.

"मी काय सामान आहे, गाडीत घालून वर चढवायला?" काका म्हणाले.

"सामान असतात तर कधीच चढवलं असतं. सामान कुरकुर करत नाही," मावशी म्हणाली. "दाढी करा."

आम्ही तिघं मागे बसलो. भोंग्याने प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवला. उतारावर रिक्षा धापा टाकत चढली, एकदा मागे सरकली, काकांनी माझं मनगट घट्ट पकडलं. मग एकदम उजेड झाला आणि आम्ही उघड्यावर आलो. सकाळची वेळ होती. गच्चीवर गाड्या तुरळक होत्या. मावशीने उतरून काकांना हात दिला. ते काठी टेकून सरळ उभे राहिले आणि त्यांनी समोर पाहिलं.

समोर एक नवी इमारत होती. बांबूंनी वेढलेली, हिरव्या जाळीत गुंडाळलेली, चांगली उंच. डावीकडे जाहिरातीचा भलामोठा फलक. समुद्र कुठेच नव्हता. फलक आणि इमारत यांच्या फटीतून, हाताच्या चार बोटांएवढं काहीतरी चमकत होतं. तेही समुद्र की एखादा पत्रा, सांगता आलं नसतं.

मावशीचा चेहरा उतरला. "मी उतार बघायला आले होते," ती म्हणाली. "उताराच्या नादात समुद्र बघायचाच राहिला."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. पडल्यापासून पहिल्यांदा, अगदी ठसका लागेपर्यंत. भोंग्याला काय झालं कळलं नाही, तोही हसू लागला.

हसणं संपल्यावर काका यंत्रांकडे गेले. ओळीने उभी होती. त्यांनी एकाच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मावशीने सावलीला एक खोकं उलटं ठेवलं, त्यावर ते टेकले. ती खालीच बसली, त्यांच्या गुडघ्याशी. वारा होता. तेवढा मात्र खरा होता.

"पुढच्या खेपेला नीट गच्ची शोधते," ती म्हणाली. "समुद्रवाली."

"नको ग."

"का? एवढे दिवस झुरताय."

काकांनी काठी आडवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "इथे येईपर्यंत मलाही वाटत होतं, समुद्रासाठीच. पण आत्ता वर आलो आणि मनात पहिलं काय आलं सांगू? आता घरी जाऊ." ते थांबले. "मला ते हवंय. घरी येणं. दिवसभर कुठेतरी असायचो, जिना उतरायचो, रस्ता ओलांडायचो, लांबून दुकानाचा दिवा दिसायचा. तू उभी असायचीस. आता मी घरीच असतो. घरीच असलेल्या माणसाने घरी कसं यायचं?"

मावशीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी आणि भोंगा लांब जाऊन रिक्षाच्या चाकाकडे बघत उभे राहिलो, जणू त्यात फार बघण्यासारखं होतं.

*

मावशी विचार करत बसणाऱ्यांतली नाही. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे भोंग्याच्या मामाचं पंक्चरचं दुकान होतं, कधीचं बंद पडलेलं. तिने ते भाड्याने घेतलं. घरातलं काऊंटर, मोटारी बांधायचं टेबल, फोन, मीटर, सुट्या भागांच्या बरण्या, सगळं एका सकाळी हातगाडीवरून तिकडे नेलं. पुढची खोली रिकामी झाली आणि एकदम मोठी वाटू लागली. आईने विचारलं, "घरातलं फुकटचं सोडून हे काय?" मावशी म्हणाली, "घरात घर हवंय, ताई."

काका पहिल्या दिवशी निघाले तेव्हा तिने डबा हातात दिला. अंतर आपल्याला काहीच वाटणार नाही, पण काकांना ते पुष्कळ. मधे दोनदा थांबून टेकावं लागायचं. मावशी सोबत गेली नाही. दारात उभी राहून पाठमोरी आकृती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली आणि मग आपल्या कामाला, म्हणजे कुठल्यातरी गच्चीवर, गेली.

त्या संध्याकाळी ती लवकर परतली. मी होते तिथे. ती दोनदा दारापर्यंत जाऊन आली. मग बेल वाजली. दार नुसतं लोटलेलं होतं, तरी काकांनी बेल वाजवली. मावशीने दार उघडलं. काका उंबऱ्याबाहेर उभे होते, घामाघूम, हाताला वंगण लागलेलं, काठीवर सगळा भार टाकून. ती कडी धरून बघत राहिली. शेवटी काकाच म्हणाले, "आत घेणार आहेस की नाही?"

"या," मावशी म्हणाली, आणि बाजूला झाली.

याला बरीच वर्षं झाली. काकांची गच्चीची ओढ गेली असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी येताना ते विजेच्या खांबापाशी टेकतात आणि मान वर करून एकेका गच्चीकडे पाहतात. कुणी हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. मावशी अजून जिने चढते, पण तिचेही गुडघे आता कुरकुरतात. तिच्या गच्च्याही कधीतरी सुटतील. त्यावर ती बोलत नाही. काम झाल्यावर कठड्याशी थोडी जास्त थांबते, एवढं मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात मी न कळवता त्यांच्याकडे गेले. दाराला कुलूप होतं. एरवी मी कळवून जाते, त्यामुळे त्या दाराला कुलूप मी लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. सवयीने हात कडीकडे गेला आणि थंड कुलपाला लागला. दोघंही कामावर होते. मी पायरीवर बसले. मला फार बरं वाटलं आणि फार एकटंही. बऱ्याच वेळाने वळणावर काठीचा आवाज आला. काकांनी मला लांबूनच ओळखलं, पण पाय उचलायची घाई केली नाही. ते सावकाश, एकेक पाऊल टाकत, घरी येत होते.